घाल म्हणालो ते कुणाला

डिचोलीत फुटबॉल सगळेच खेळायचे. हॉकी खेळायचो ती आम्ही, खाणीच्या वर्कशॉपवाले. खेळायचो म्हणजे काय, मारामारीच करायचो, मधेमधे चेंडू यायचा. मैदान जांभ्याचं, लाल, दगडासारखं टणक. त्याच्यावर पडलेला माणूस उठायचा तेव्हा कोपराचं कातडं खालीच राहिलेलं असायचं. नडगीला फळ्या बांधायची पद्धत होती म्हणे इतरांत. आमच्यात कुणी बांधल्या तर त्याला बायको म्हणून हाक मारत.

मी दोन मोसम खेळलो. मग म्हापशाच्या एका राक्षसाने माझ्या गुडघ्याची वाटी फोडली आणि मी रेषेबाहेर गेलो. रेषेबाहेर गेलो म्हणून गप्प बसलो असं कुणी समजू नये. मी खडी फोडायच्या यंत्रावर कामाला होतो. तिथे माणसाला हाक मारायची तर पोटातून ओरडावं लागतं, नाहीतर समोरच्याचा हात यंत्रात जातो. त्या आवाजात मी मैदानावर ओरडायचो. सर्वणच्या शेतांत नांगर धरलेल्यांना म्हणे ऐकू जायचं कोण जिंकतंय ते.

आणि ओरडायचो काय? एकच शब्द. घाल! आमच्याकडे गोल मारायचा तरी घाल, आणि समोरच्याच्या टाळक्यात हाणायची तरी घालच. खेळणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. बहुतेक वेळा तो बरोबर समजायचा. एकदा मात्र हा शब्द मी असा ओरडलो, की पुढची पस्तीस वर्षं माझ्या धाकट्या बहिणीचं माहेर त्याच्यावर टांगलेलं राहिलं. तो मी कुणाला म्हणालो, हे मला एकट्याला ठाऊक होतं, असं मी धरून चाललो होतो. तेच सांगायला बसलोय.

खाणी बंद पडल्या, टीम मोडली, तरी आम्ही रविवारी सकाळी बसस्टँडजवळच्या हॉटेलात जमायचं सोडलं नाही. पातळभाजी, उंडे, चहा, आणि जुन्या मॅचा. बोलायला पुढे आमचा टाइमकीपर. खाणीवर हजेरी लिहायचा तो. आयुष्यात हॉकीची काठी हातात धरली नाही, पण बोलायला लागला की सगळे गोल ह्यानेच मारलेले. पणजीच्या साहेबलोकांना आम्ही चार-एक असं धुतलं, ते तो दर रविवारी सांगायचा. साहेबांचा गोली शेवटी रडत होता, हे दर वेळी वाढवून सांगायचा. मग आम्ही टिपरच्या हौद्यात उभे राहून बाजारातून नाचत आलो आणि ड्रायव्हरने मुद्दाम हौदा उचलला, दहाजण रस्त्यावर सांडले, एकाचं मनगट मोडलं. केवढा हसायचा टाइमकीपर! आम्हीही हसायचो. मनगट मोडलेला पण हसायचा.

आणि म्हापशातली हार. शेवटच्या मिनिटाला पंचाने त्यांना पेनल्टी दिली. आम्ही हरलो. मग आम्ही काय केलं? गोलचे खांब उपटले आणि बसच्या टपावर बांधून डिचोलीला आणले. निघताना पंचाच्या सायकलीवर तेच खांब घातले. हे सांगताना म्हातारे तोंडाला फेस येईपर्यंत बोलतात. शरम कुणालाच नाही. मला तरी कुठे होती?

ह्या टोळक्यात एक माणूस न बोलता बसायचा. आमचा फिटर. बांद्याच्या पलीकडचा, मालवणी बोलणारा, वर्कशॉपमध्ये फिटर आणि मैदानावर बॅक. छाती अशी, की फॉरवर्ड त्याच्यावर आपटून परत जायचा. टीमच्या काठ्या तोच दुरुस्त करायचा. काठीचं वाकण झिजलं की पत्र्याची पट्टी रिवेट मारून बसवायचा आणि वरून ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या गुंडाळायचा. नियमात ते बसत नव्हतं. पंच काठ्या तपासायचा तेव्हा त्याला रबर दिसायचं, आतलं लोखंड दिसायचं नाही. फिटरच्या स्वतःच्या काठीला दोन पट्ट्या होत्या.

आता पेडण्याची मॅच.

माझ्या बहिणीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा मोपाच्या बाजूचा, पेडण्याच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. स्थळ मीच आणलं होतं, त्याचा खेळ बघून. घरात म्हणालो, जो माणूस पाच जणांमधून चेंडू काढतो तो संसारही काढील. खेळायचा तर खरंच सुंदर. तेच मला पुढे पुढे सहन होईना. बघायला आवडायचा, आणि तो पेडण्याचा आहे म्हणून पोटात दुखायचं.

मॅच आमच्या मैदानावर. भावोजी आणि बहीण आदल्या दिवशीच आमच्याकडे राहायला आली. सकाळी मी त्यांच्या पानात स्वतः इसवणाचा तुकडा वाढला. भावोजी काटा काढत काढत हसून म्हणाले, "तुमचे लोक काम सोडून सारखे काठ्याच घासत असतात काय रे? घासून घासून हॉकी येत नाही." थट्टाच होती. मेहुण्याची थट्टा करायची नाही तर कुणाची करायची? पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. पाहुणा, आणि बहिणीचा नवरा, म्हणून दात आवळून बसलो.

मॅच सुरू झाल्यापासून मैदानावर रक्तच. त्यांच्या हाफने आमच्या एकाची बोटं ठेचली. आमच्याने त्याच्या पोटरीवर काठी ओढली. दोनदा खेळ थांबला. एक-एक अशी बरोबरी झाली आणि पाच मिनिटं उरली. आणि भावोजी काय करत होते? फिटरला नाचवत होते. एकदा डावीकडून काढला, एकदा उजवीकडून. दुसऱ्या वेळी फिटर तोंडावर आपटला तेव्हा पेडण्याचे लोक असे खिदळले, की माझ्या कानशिलातली शीर उडायला लागली.

तिसऱ्यांदा भावोजी चेंडू घेऊन सुटले. सरळ माझ्या बाजूच्या रेषेने. समोर फिटर. माझ्यापासून दहा पावलांवर. मी पोटातून ओरडलो. घाल!

भावोजींनी मान वळवली. धावता धावता माझ्याकडे बघितलं. मी अजून बघतो ते तोंड. हसत होतं. आणि फिटरची काठी खांद्याच्या वरून आली.

आवाज ओल्या नारळासारखा झाला. रबर फाटलं होतं, पत्र्याची कड डोळ्यात गेली. भावोजी गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले. जांभ्यावर रक्त दिसत नाही लवकर, सगळं तांबडंच असतं. पण हे चमकत होतं.

मग जे झालं त्याला टाइमकीपर 'पेडण्याची लढाई' म्हणतो आणि चहाचे दोन कप जास्त पितो. कुंपणाचे बांबू उपसले गेले. पेडणेकर आमच्यावर, आम्ही पेडणेकरांवर. त्यांच्या बसच्या काचा फोडल्या. मीसुद्धा एकाला पाडून त्याच्या छातीवर बसलो आणि त्याच्या तोंडावर मारत राहिलो. तो काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं. नंतर कळलं, तो भावोजींचा चुलतभाऊ होता. "पाणी द्या, त्याला पाणी द्या," एवढंच म्हणत होता.

डावा डोळा गेला. म्हापशाच्या इस्पितळात भावोजी तीन आठवडे होते. फिटरला खेळायची कायमची बंदी झाली, आणि डिचोलीपासून बांद्यापर्यंत त्याचं नाव पडलं कसाई. मॅच रद्द. आमचे लोक अजून म्हणतात, रद्द झाली नसती तर आपणच जिंकलो असतो. जिंकलो असतो म्हणे!

त्या वर्षी बहिणीची लग्नानंतरची पहिली चवथ, गणपतीची. आमच्याकडे पहिल्या चवथीला मुलीच्या सासरी वझं पाठवतात. करंज्या, लाडू, फळं, पाच माणसांनी डोक्यावर उचलायच्या पाटल्या, म्हणजे टोपल्या. मी स्वतः घेऊन गेलो. बहिणीची सासू ओसरीवरून उतरली आणि तिने एकेक पाटली लाथेने उलटी केली. लाडू अंगणभर. "डोळा खाल्लात, आता गोड खाऊ घालताय?" म्हणाली. बहीण दारात उभी होती, पुढे आली नाही. परत येताना बसमध्ये रिकाम्या पाटल्या मांडीवर घेऊन बसलो. म्हटलं, संपलं हिचं माहेर. मीच संपवलं.

आणि पुढच्या वर्षी चवथीला बहीण आली! भावोजी स्वतः घेऊन आले. डोळ्यावर काळी पट्टी. माझ्या खांद्यावर हात ठेवून आमच्या आईला म्हणाले, "सगळ्या डिचोलीत माझ्यासाठी ओरडला तो एक माझा मेहुणा. घाल म्हणाला मला. आपल्या गावाच्या विरुद्ध ओरडायला छाती लागते." मी खाली बघितलं. त्यांना ती माझी विनयशीलता वाटली. म्हटलं, मान वळवून माझ्याकडे बघितलं ना त्यांनी, त्यातूनच त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली असेल. असू दे. बहीण घरी येतेय ना? मी खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो. पस्तीस वर्षं गप्प बसलो. त्यांच्या मुलांच्या लग्नांत मामा म्हणून पुढे उभा राहिलो, पोरीला हात धरून मांडवात आणली, गप्प. आणि एक काळजी घेतली. भावोजींना त्या रविवारच्या बाकाजवळ कधी फिरकू दिलं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी ते न कळवता डिचोलीला आले. मी घरी नव्हतो. बायकोने भोळेपणाने सांगितलं, बसस्टँडजवळ बसलेत बघा सगळे. भावोजी हॉटेलात शिरले तेव्हा टाइमकीपरची लढाई ऐन रंगात आली होती.

त्याने भावोजींना ओळखलं नाही. काचेचा डोळा आता कुणाला पटकन कळत नाही. तो म्हणाला, "आणि मी ओरडलो, घाल! फिटर माझ्या आवाजाची वाटच बघत होता." बाकावरचा दुसरा म्हातारा म्हणाला, तू कसला, मी ओरडलो. तिसरा म्हणाला, मी. म्हातारे भांडायला लागले, त्या शब्दाचा मान कुणाचा म्हणून. मी भावोजींना बाहेर न्यायला उठलो तेवढ्यात ते हसत म्हणाले, "तुम्ही कुणीच नाही. हा ओरडला. माझा मेहुणा. आणि मला ओरडला, गोल घाल म्हणून. आवाज ओळखला म्हणून तर मी बघितलं."

आणि कोपऱ्यातून फिटर उठला. पंचाहत्तरीचा माणूस, छाती आत गेलेली, पण उठला तो तसाच उठला.

"नाय," तो म्हणाला. "तो शब्द माझो."

"काय?"

"माका सांगितल्यान. मी ह्याचो आवाज रोज यंत्रावर ऐकलंय. पस्तीस वर्सां झाली, लोक माका कसाई म्हणतत. माझ्या चेडवाक स्थळां येयनाशी झाली होती. मी आपल्या मनान नाय घातलंय. माका सांगितलां, म्हणान घातलंय."

"खोटं बोलतोस!" भावोजी ओरडले. "माझा डोळा फोडून वर माझ्या माणसावर ढकलतोस?"

फिटरने त्यांची कॉलर धरली. भावोजींनी त्याच्या पोटात गुद्दा मारला. मेज उलटलं, पातळभाजी दोघांच्या पायांवर सांडली, चटके बसले तरी सोडेनात. दोन म्हातारे एकमेकांचे गळे धरून भिंतीवर आदळत होते आणि दोघेही ओरडत होते, मला, माका, मला, माका. टाइमकीपर खुर्चीवर चढून बघत होता. मी दोघांच्या मधे घुसलो, माझ्या कानावर कुणाचं तरी कोपर बसलं. फिटरचा श्वास लागला होता. तो धापा टाकत माझ्याकडे बघत म्हणाला, "सांग रे. एकदा तरी सांग."

घरी जाऊन विचार करून सांगतो, असं म्हणायला हवं होतं. पण मला तो माणूस बघवेना. पस्तीस वर्षं माझ्या समोर बसून त्याने एकदा बोट दाखवलं नव्हतं. मी म्हणालो, "भावोजी, मी तुम्हाला नाही ओरडलो. ह्याला ओरडलो. तुम्हाला हाणायला."

त्यांनी मारलं ते उघड्या हाताने, पण माझी कवळी तोंडातून उडून पातळभाजीत पडली. कुणीतरी हसलंसुद्धा. फिटर खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला, लहान मूल रडतं तसं, आवाज करून. भावोजी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस." आणि चालू लागले. त्या हळू आवाजाची मला त्यांच्या थपडेपेक्षा जास्त भीती वाटली.

रात्रभर एकच विचार. बहिणीला मी स्वतः सांगायला हवं. सकाळी पहिल्या बसने पेडणे, तिथून मोपाकडे. ज्या सड्यावर भावोजी हॉकी खेळून तयार झाले, तिथे आता विमानं उतरतात. बहीण परसात अबोलीचे गजरे ओवायला बसली होती. मला बघून लगेच उठली नाही. फाटकाशीच थांब म्हणून हाताने खुणावलं, मग स्वतःच आली, आत घेतलं नाही.

मी सगळं सांगायला लागलो. तिने मधेच थांबवलं.

"मला काय सांगतोस, दादा? मी तुझ्या पाठीमागेच उभी होते. तुझ्यासाठी पाणी घेऊन आले होते. तू नुसतं घाल नाही म्हणालास. घाल म्हणालास मोठ्याने. आणि मग हळू म्हणालास, तेका."

घाल तेका. फिटरच्या बोलीत, हाण त्याला. मला तो दुसरा शब्द आठवतच नव्हता. तिने म्हटला आणि आठवला. तोंडात त्याची चव आली.

"इस्पितळात शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं काय विचारलं असेल? तुझा दादा काय ओरडला गं? मी बावीस वर्षांची होते. म्हटलं, तुमच्यासाठी ओरडला. खरंच? म्हणाले. म्हटलं, खरंच. मग तू वझं घेऊन येऊन गेलास, तेव्हा सासूने विचारलं. देवासमोर उभं करून विचारलं. घरातल्या दिव्यावर हात ठेवून म्हटलं मी. त्या दिवशी पोटात माझा मोठा होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय झालं असतं? तू मैदानात गेलास तरी ओरडतोस, घरात आलास तरी ओरडतोस. तुझ्या पोटात काही राहिलं असतं?" ती अजून आवाज न चढवता बोलत होती. "पस्तीस वर्षं मी ते सांभाळलं. पोरांना शिकवलं, मामा आपला आहे. आणि तुला काल मन हलकं करायचं होतं. केलंस. मग माझ्या डोक्यावर का टाकलंस रे? ते काल घरी आले, जेवले नाहीत. आज सकाळी मला विचारलं, दिव्यावर हात ठेवून तू खोटं बोललीस? काय सांगू? तुझ्या दादाला शेवटी तरी खरं बोलता आलं, तुला नाही आलं, असं म्हणाले मला. मला!"

मी तिचा हात धरायला गेलो. तिने काढून घेतला.

"जा तू. ह्या चवथीला मी येणार नाही. पुढच्या चवथीचं मला ठाऊक नाही."

ती वळून घरात गेली. तेवढ्यात आतून भावोजींचा आवाज आला. पस्तीस वर्षांत मी तो आवाज असा ऐकला नव्हता. मग भिंतीवर तांब्या आपटल्याचा आवाज. मी फाटकाच्या कडीला हात लावला आणि काढला. आत जाऊन काय करणार होतो? जे करायचं ते मी आदल्या दिवशीच करून आलो होतो.